वीस मिनिटांची भेट

“अहो, थांबा! पळू नका... पुलावर पळू नका!”

धुक्यातून आवाज आला आणि ती एवढी दचकली, की एका पायात दुसरा अडकायचाच काय तो बाकी राहिला. नुकतं कुठे फटफटत होतं. नदीवर धुकं असं दाटलं होतं की खालचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. रोज या वेळी या झुलत्या पुलावर ती आणि कठड्यावर पंख फुगवून बसलेले चार-दोन पक्षी, एवढंच काय ते जग असायचं. आणि आज पुलाच्या बरोबर मध्यावर एक माणूस पालथा पडला होता. कान फळ्यांना लावून.

“तुम्ही... बरे आहात ना?” तिनं दबकत विचारलं.

“मी बरा आहे. पूल बरा नाहीये.” तो उठून बसला. डोक्यावर कानटोपी, गालावर फळीची लांबच लांब रेघ उमटलेली. शेजारी एक डबीएवढं यंत्र लुकलुकत होतं. “त्याची नाडी बघतोय. जुना पूल आहे, कधीपासून कुरकुरतोय. म्हणून मला पाठवलंय. पण तुम्ही धावत आलात ना, की त्याची नाडी अश्शी उडते—” त्यानं हातानं हवेत एक डोंगर काढून दाखवला.

“मग मी काय करू?”

“चाला.”

“चालायला मला वेळ नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून तर धावते.”

तो हसला. मोठ्यानं नाही... पण गालावरच्या त्या रेघेसकट सगळा चेहरा हसला. तिला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. पाळण्यात बाळ झोपलंय म्हणून घरातले चवड्यांवर चालतात ना, तशी ती उरलेला पूल ओलांडून गेली. पलीकडच्या टोकाला पोचली तेव्हा धुक्यातून आवाज आला, “पुलातर्फे आभार!”

ती पळायला लागली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण अजून हसतोय. मग उरलेली वाट ती स्वतःवरच चिडत पळाली.

चिडायला तसं कारण होतं. दिवसभरात तिची स्वतःची अशी ही एवढीच वेळ होती.

बाकीचा दिवस दुसऱ्यांचा. शाळेत ती गणिताच्या बाई. आठवी, नववी, दहावी, आणि तपासायच्या वह्यांचे डोंगर. घरी ती आठ वर्षांच्या भिंगरीची आई. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते आजीनं ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी टिकायचीच नाही. आणि ही आजी म्हणजे बाईंच्या सासूबाई. निळ्या फाटकाच्या त्या छोट्या घरात या तिघीच राहायच्या.

चार वर्षांपूर्वी चौथं माणूसही होतं. मग एका आजारपणात ते अचानक गेलं. त्या दिवसांत बाईंना घरात रडताच यायचं नाही. सासूबाईंचा मुलगा गेलेला, भिंगरीचा बाप गेलेला, तिथं रडण्याचा पहिला हक्क कुणाचा तेच ठरेना. म्हणून ती पहाटे बाहेर पडून चालायची आणि चालता चालता रडून घ्यायची. मग चालण्याचं धावणं झालं, कारण धावणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे कुणी निरखून बघत नाही. हळूहळू रडणं संपलं. धावणं तेवढं राहिलं.

आता थंडी सरताना शहरात मोठी शर्यत होती. पूर्ण मॅरेथॉन. तिनं गुपचूप नाव घातलं होतं. पण गुपित शाळेत टिकतं होय? नववीच्या वर्गाला कळलं आणि तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज कुणीतरी लिहून ठेवायचं, ‘बाई, आज किती?’

ती उत्तर लिहायची आणि मग शिकवायला लागायची.

घराचं गणित मात्र फळ्यावरच्यापेक्षा अवघड होतं. पहाटे धावून यायचं, अंघोळ, दोन डबे, भिंगरीच्या दोन वेण्या, तिला तिच्या शाळेत सोडायचं, तिथून उलट्या दिशेची बस धरून आपल्या शाळेत घंटेच्या आत पोचायचं. भिंगरीचा एक मोजा जरी हरवला, तरी सगळा डोलारा कोसळायचा. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या फाटकापलीकडे फारशा जायच्या नाहीत. “माझ्या सुनेच्या पायाला भिंगरी आणि नातीचं नावच भिंगरी,” त्या म्हणायच्या, “मी आपली घराला कुलूप!”

दुसऱ्या दिवशी तो पुलावर होताच. तिसऱ्याही. मग दोन-तीन आठवडे रोजच.

“सुप्रभात,” तो म्हणाला. “आज टोपी बदललीत.”

“धुक्यात टोपी दिसते तुम्हाला?”

“मला नाही. पुलाला दिसते. तो सांगतो मला सगळं.”

“आणखी काय सांगतो?”

“की तुम्ही डावा पाय जरा जोरात टाकता. आणि सोमवारी तुमचा वेग कमी असतो. रविवारी वह्या तपासता का?”

ती थबकली. “तुम्हाला कुणी सांगितलं मी वह्या तपासते?”

“बोटं,” तो म्हणाला. तिनं हात पाहिले. लाल शाईचे डाग होते. तिनं हात चटकन मागे घेतले, आणि मग कशाला घेतले म्हणून स्वतःलाच हसू आलं.

तो पुलांचा इंजिनीअर होता. गावोगाव हिंडायचा. जिथं पूल आजारी, तिथं याचा मुक्काम. “सासुरवाशिणीसारखं आहे माझं,” तो म्हणायचा, “रुळतो न रुळतो तोच पुढच्या घरी.” लग्न केलं नव्हतं. का, असं तिनं एकदा विचारलं तर म्हणाला, “एका जागी थांबलोच नाही. आणि धावणारं कुणी भेटलं नव्हतं.”

हे वाक्य तिनं शाळेपर्यंत बरोबर नेलं. त्या दिवशी तिनं फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं. अख्ख्या वर्गानं श्वास रोखला.

“काय गं, काय झालंय तुला?” शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाईंनी गाठलंच. “चेहऱ्यावर रंग कुठले उधळलेस?”

“थंडीनं होतं असं.”

“थंडीला मिशा आहेत का?”

“आहेत,” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि चित्रकलेच्या बाई टेबलावर हात आपटून हसल्या.

असे दिवस जात होते. पुलावरची ती दोन-चार वाक्यं, ते धुकं, पाण्याचा आवाज... दिवसभर कानामागे लावलेल्या फुलासारखं काहीतरी तिच्यासोबत असायचं. आणि मग एका सकाळी पुलाच्या तोंडाशी पत्र्याचं कुंपण उभं दिसलं. वर पाटी: ‘पूल बंद’.

तो कुंपणाशेजारीच उभा होता. आज हसत नव्हता.

“हे तुम्ही केलंत?”

“हो. माझीच सही आहे.”

“मला आधी सांगता नाही आलं?”

“मलाच काल संध्याकाळी कळलं. खालचा पोलादी दोर उघडून पाहिला. आतून गंजून गेलाय.”

“अहो, पण आता मी काय करू? धावायचा रस्ता नदीपलीकडे, आणि मोठ्या पुलावरून वळसा घातला तर वीस मिनिटं जास्त लागतात. वीस मिनिटं! माझ्याकडे दोन मिनिटं उरत नाहीत. मुलीची शाळा, माझी घंटा... माझा सगळा दिवस या पुलावर टांगलेला होता, कळतंय का तुम्हाला?”

आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं. डोळेही भरून आलेत, हेही. एका पुलासाठी!

त्यानं कुंपणाच्या पत्र्यावर हात टेकला. मग हळूच म्हणाला, “रोज तुम्ही धुक्यातून यायचात ना, तेव्हा मी यंत्राकडे बघत नव्हतो हो. तुमच्याकडे बघत असायचो. आणि कालपासून एकच विचार डोक्यातून जात नाहीये... इतके दिवस मी तुम्हाला त्या दोरावरून जाऊ दिलं.”

ती वळली आणि पळत सुटली. त्या दिवशी तिला शाळेत उशीर झाला. मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. रात्रीच्या जेवणाला तिनं घरात सांगून टाकलं, “यंदा काही शर्यत जमत नाही. पुढच्या वर्षी बघू.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. भिंगरी मात्र जेवता जेवता थांबली. “म्हणजे तू आता नुसतीच आई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निळं फाटक वाजलं. सासूबाई आपले गुडघे सांभाळत दाराशी गेल्या. बाहेर एक माणूस सायकल धरून उभा.

“कोण आपण?”

“मी... पूलवाला.”

“आमच्याकडे पूल नाही.”

“हो, म्हणजे... तोच बंद केलाय मी. बाईंची वाट माझ्यामुळे लांबली. छोटीची शाळा कुठली ते बाईंच्याच बोलण्यात आलं होतं, आणि हे निळं फाटकही. तर मी म्हणत होतो, शाळा माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच आहे. मी रोज तिला सोडत जाईन. तेवढीच बाईंना वीस मिनिटं मिळतील.”

आतून एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात भिंगरीची अर्धी वेणी धरून बाई बाहेर आल्या, आणि जागीच थिजल्या. सासूबाईंनी त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

“परक्या माणसाबरोबर आम्ही पोर पाठवत नाही.”

“बरोबर आहे,” तो लगेच म्हणाला. “मीसुद्धा नसती पाठवली.”

सासूबाईंना या उत्तराची अपेक्षा नव्हती. तेवढ्यात भिंगरीनं वेणी सोडवून घेतली, सायकलीपाशी गेली, घंटी वाजवून पाहिली. किणकिण आवाज गल्लीभर गेला.

“घंटी मी वाजवणार,” ती म्हणाली.

“फक्त वळणावर,” तो म्हणाला.

“वळणावर आणि कुत्रा दिसला की.”

“मंजूर.”

“अहो, मंजूर काय मंजूर!” सासूबाई कडाडल्या. मग सुनेच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. तिथं काय दिसलं कोण जाणे. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी बरोबर येणार. आणि हळू चालायचं. माझे गुडघे तुमच्या पुलासारखेच आहेत.”

असं ते सुरू झालं. बाई पहाटे मोठ्या पुलावरून लांबचा वळसा घालून यायच्या, आणि तोवर गल्लीतून एक मिरवणूक निघालेली असायची. सायकलीवर भिंगरी, सायकल ढकलत तो, आणि बाजूनं पदर खोचून सासूबाई. सुरुवातीला त्या चार ठिकाणी टेकायच्या. मग दोन ठिकाणी. मग टेकणंच विसरल्या, कारण बोलण्यात रस्ता कधी संपायचा ते कळायचंच नाही. ‘घराला कुलूप’ म्हणवणारी बाई आता परतताना बाजारातून भाजी घेऊन यायची, ती सगळ्या गल्लीच्या बातम्यांसकट!

“तुझा तो पूलवाला,” एकदा त्या म्हणाल्या, “एवढाले पूल सांभाळतो म्हणे. स्वयंपाकघरातलं स्टूल डुगडुगतंय म्हणून त्याला दाखवलं. एक पाय कापला, मग दुसरा कापला. आता ते स्टूल बाहुलीला बसायला झालंय.”

“माझा कसला, आई?” ती गडबडीनं म्हणाली.

“बरं, माझा म्हण,” सासूबाई हसल्या.

संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन ती खिडकीशी बसायची तेव्हा तिच्या मनात यायचं, लोक फुलं देतात, काय काय देतात. या माणसानं मला वेळ दिला. माझ्या सगळ्या दिवसात जे कुठेच नव्हतं, नेमकं तेच त्यानं शोधून आणलं... आणि तिची लाल पेनाची रेघ एखाद्या बरोबर उत्तरावरून लांब, लांब निघून जायची.

मग तो अवकाळी पावसाचा दिवस उजाडला. शाळेला सुट्टी होती. ती लांब पल्ल्याला गेली होती आणि परतीच्या वाटेवर आभाळ फाटलं. फाटकातून आत आली तेव्हा केसांतून, बाह्यांतून, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. तो भिंगरीला सायकल शिकवायला आला होता. दारात टॉवेल घेऊन उभा राहिला.

“थंडी वाजत असेल,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली आणि दात वाजले.

त्यानं टॉवेल पुढे केला. तिनं धरला. पण त्याच्या हातून तो सुटला नाही... की तिनंच ओढला नाही? पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. टॉवेलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. तिच्या पापणीवरचा एक थेंब पडेल पडेल असा थांबलेला, आणि तो त्या थेंबाकडे बघत होता, जणू तो पडला तर फार मोठा आवाज होणार आहे.

“चहा टाकते,” आतून सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कसा तरीच आला होता.

शर्यतीच्या आधीचा शेवटचा मोठा सराव होता, त्या रविवारी तिचा डावा बूट नाहीसा झाला.

उजवा दाराशी होता. डावा कुठेच नाही. पलंगाखाली नाही, कपाटामागे नाही. भिंगरीनं शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि एकच पेला पुन्हा पुन्हा विसळत होत्या.

बाईंचं लक्ष गेलं. तांदळाच्या मोठ्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. तिनं झाकण उचललं. तांदळातून बुटाची नाडी वर आली होती.

“भिंगरी, बाहेर जाऊन खेळ जरा,” ती म्हणाली. मग बूट हातात धरून ओट्याशी गेली. “आई?”

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. वळल्या नाहीत.

“तू पळायला लागलीस ना, तेव्हा मला फार भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी फाटक वाजलं तेव्हा वाटलं, गेली ही. कशाला थांबेल? ज्याच्यासाठी आली तो राहिला नाही. पण तू परत आलीस. रोज आलीस. मग मी म्हटलं, ही पळते ती परत येण्यासाठीच पळते. चार वर्षं मी त्या फाटकाच्या आवाजावर जगले गं.” त्यांचा आवाज फाटला. “त्या दिवशी पावसात तुम्हा दोघांना पाहिलं. आणि वाटलं, या खेपेला ही परत यायची नाही. म्हातारीला वेड लागलं, झालं. बूट लपवून कुणी थांबतं होय?”

बाईंनी त्यांना मागूनच मिठी मारली. चार वर्षांपूर्वी ज्या एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या, त्या आज तांदूळ भरलेला बूट मध्ये धरून रडल्या.

“मी कुठेही जाणार नाही, आई,” ती म्हणाली. “त्यांना सांगते उद्यापासून येऊ नका म्हणून.”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. असं सांगू नकोस, एवढं मात्र म्हणाल्या नाहीत.

पुलाच्या कुंपणाशी जाऊन तिनं त्याला सांगितलं. कसं सांगितलं ते तिलाही नीट आठवत नाही. घर, आई, मुलगी असे शब्द होते, आणि मध्ये मोठमोठ्या जागा रिकाम्या होत्या.

“तुमची वीस मिनिटं...” शेवटी ती म्हणाली, “मी कशी फेडू?”

“मी उसनी दिली नव्हती,” तो म्हणाला. नदीकडे बघत राहिला. “तसाही माझा मुक्काम संपत आलाय. दुरुस्ती झाली की निघायचं. हुकूम आलाय.” मग वळून हसायचा प्रयत्न केला. “शर्यत सोडू नका. एवढं कराल माझ्यासाठी?”

तिनं मान हलवली.

भिंगरीला आता आजीच शाळेत सोडायला लागल्या. गुडघे तर चालत होते. पण रस्ता संपता संपत नव्हता. भिंगरी वळणावर गप्प, कुत्रा दिसला तरी गप्प. घरी आलं की सून वह्यांत डोकं खुपसून बसलेली. वेळेवर यायची, वेळेवर जायची, हसून बोलायची. फाटक रोज वाजायचं. पण सासूबाईंना पहिल्यांदाच वाटायला लागलं, की फाटकातून पाय आत येतात, माणूस बाहेरच कुठेतरी राहतं.

शर्यतीचा दिवस उजाडला. “आम्ही शेवटच्या रेषेपाशी थांबू,” असं सांगून सासूबाईंनी तिला निरोप दिला.

सुरुवात तर तरंगत गेली. हवा गार, रस्ते मोकळे, हजारो पावलांचा एकच आवाज, दूरच्या पावसासारखा. शाळेच्या चौकात तिचा नववीचा वर्ग पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभा होता. “बाई, अर्धवट सोडलं तर शून्य गुण!” कुणीतरी ओरडलं. “पायऱ्या गाळू नका!” दुसऱ्यानं साथ दिली. तिचीच वाक्यं होती ती. ती हसत हसत पुढे गेली.

पण तिसाव्या किलोमीटरनंतर नदीकाठचा लांबलचक रस्ता सुरू झाला, आणि पायांत कुणी शिसं ओतलं. ऊन चढलं. माणसं विरळ झाली. मनात एकच प्रश्न आला, कशासाठी? पूर्वी ती रडण्यासाठी धावायची. मग श्वास घेण्यासाठी धावली. मग... मग धुक्यातलं कुणीतरी दिसावं म्हणून. आता कशासाठी?

तेवढ्यात घंटी वाजली. किणकिण, किणकिण, सायकलीची.

रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली घडीची खुर्ची मांडून सासूबाई बसल्या होत्या. शेजारी सायकलीवर चढून भिंगरी जिवाच्या आकांतानं घंटी बडवत होती. आणि खुर्चीच्या मागे, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा अर्धवट लपून, पाण्याची बाटली छातीशी धरून तो उभा होता.

ती थांबलीच.

“थांबलीस कशाला?” सासूबाई ओरडल्या. “पळ!”

“आई... हे इथं कसे?”

“मी गेले होते त्यांच्या ऑफिसात. चालत! दोन जिने चढून!” सासूबाईंचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. “सांगितलं त्यांना, की बाबा, माझी सून तुमच्याकडे येईल म्हणून मी भ्यायले. तुम्हीच आमच्याकडे यावं हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आज जेवायला येतायत ते. आणि पुढेही येत राहतील.”

“पण आई—”

“पण-बिण सगळं शेवटच्या रेषेपलीकडे! आता पळतेस, की हा बूट काढून पुन्हा तांदळात टाकू?”

ती पळायला लागली. शिसं कुठे गेलं कुणास ठाऊक. काही पावलांनी शेजारी धापा ऐकू आल्या. तो होता, ऑफिसच्या बुटांत धावत, टाय खांद्यावरून उडतोय.

“मला... तुम्हाला... सांगायचंय...”

“एका दमात सांगा!”

“दमच... नाही उरला!”

“मग मी सांगू?” समोर बघत ती म्हणाली, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर पाय पुन्हा थांबले असते. “मला तुम्ही आवडता. पुलावर पालथे पडला होतात तेव्हापासून.”

“गालावर... रेघ होती... म्हणे...”

“होती. छान दिसत होती.”

तो मोठ्यानं हसला, आणि हसण्यात उरलासुरला दमही गेला. “पुढे व्हा!” तो कंबरेवर हात ठेवून मागून ओरडला. “मी... येतोच!”

मागच्या मंडळींत तिचा नंबर लागला. घड्याळ केव्हाच कंटाळलं होतं, टाळ्या वाजवणारेही पांगले होते. पण तिनं रेष ओलांडली आणि भिंगरी येऊन तिच्या पोटाला बिलगली. “तू घामट आहेस,” भिंगरी म्हणाली, पण सोडलं नाही.

नंतर मैदानाच्या पायरीवर ती बूट काढून बसली. तो एक पायरी खाली. सासूबाई नातीला घेऊन जरा लांब गेल्या होत्या, पाठ फिरवून, पण कान इकडेच लावून.

“एक सांगायचं राहिलंय,” तो म्हणाला. टायचं टोक बोटांत फिरवत राहिला. “परवा निघायचंय मला. पुढचा पूल इथून सहा तासांवर आहे. वर्षभराचं काम, कदाचित जास्तच. तुमची दहावी, आई, भिंगरी... यातलं काहीही तुम्ही सोडावं असं मला वाटत नाही. मी दर शनिवारी येईन. मग इथलीच बदली मागेन. पण तोवर...” त्यानं वर पाहिलं. “भीती वाटते हो. अंतर बरंच आहे.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. सगळं अंग दुखत होतं. केस कपाळाला चिकटले होते, ओठांवर मीठ होतं. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

“अंतराचं,” ती म्हणाली, “मला सांगता?”

आणि तिनं लाल शाईच्या डागांचा आपला हात त्याच्या हातात दिला.